मिठाच्या पावत्या

वॉल्व्हिस बेला सकाळ होत नाही,
धुकं थोडं पांढरं होतं, इतकंच.
मी दिवा लावते, किटली लावते
आणि रात्रीत स्कॅनर व्यालेली पिल्लं मोजते:
स्कॅन_०००१, स्कॅन_०००२... चारशे बारा.
सगळी एका चेहऱ्याची.

अकरा वर्षं मी त्यांचं बारसं करतेय.
उघड, वाच, मीट. तारीख, ट्रकचा नंबर, मिठाचे टन.
उघड, वाच, मीट.
माझं स्वतःचं नाव न्दिनेलागो. म्हणजे, मी नशीबवान.
आईने नऊ महिने विचार करून एक नाव ठेवलं;
मी जेवणाच्या सुट्टीआधी दोनशे ठेवते.
मनगटाला पट्टा बांधताना तिची आठवण येते.

भाचा तांगेनी बंदरात क्रेनची देखभाल करतो.
रविवारी माशाच्या रश्श्यावरून मान वर न करता म्हणाला,
"मावशी, हे तू का करतेस?"
मला राग आला. मग कोण करणार?
त्याने विजेच्या बिलाच्या पाठीवर चार ओळी लिहून दिल्या.
पहिला शब्द: प्रत्येकासाठी.
कचेरीत हा शब्द मी फक्त
नाताळच्या भेटींच्या यादीवर पाहिला होता,
आणि तेव्हाही रात्रपाळीची माणसं राहून गेली होती.

तीन आठवडे.
ओळीच्या शेवटची दोन टिंबं विसरले की यंत्र रुसतं.
ओळ चार घरं आत सरकवली नाही की रुसतं.
छप्पन्नाव्या वर्षी मी समास सोडायला शिकतेय.
पण ते ओरडत नाही,
चूक कितव्या ओळीवर आहे तेवढं सांगतं.
ओस्टहाउझेन साहेबांपेक्षा बरं.
ते ओळ सांगायचे नाहीत.

मग एका गुरुवारी ते चाललं.
तक्रार नाही, लाल अक्षर नाही.
फोल्डर उघडलं. आत एक फाइल.
एक.
मी सगळ्यांना तेच नाव दिलं होतं,
आणि येणारा प्रत्येक जण आधीच्याला पुसून
गुपचूप त्याच्या खुर्चीत बसला होता.
शेवटी उरले अठ्ठावीस टन,
कुणा एकाचे.
मी जे सांगितलं, तेच त्याने केलं.
इतकं शब्दशः माझं कुणी कधी ऐकलं नव्हतं.

नक्कल होती. तांगेनीची पहिली अट तीच:
आधी बियाण्याची बाजरी बाजूला काढ, मग दळायला बस.
मी हसले, मग बाथरूममध्ये जाऊन थोडी रडले,
मग परत आले आणि नावात पावतीचा आकडा घातला.

आता चाळीस सेकंद.
किटलीला उकळी यायच्या आत सगळ्यांची बारशी उरकतात.
साहेबांना अजून सांगितलेलं नाही.
सांगितलं तर विचारतील, मग तू काय करतेस?
आणि त्याचं उत्तर मलाच नीट

पण यंत्राला सगळंच वाचता येत नाही.
धुक्याने शाई फुटलेली, पिनेला अडकून फाटलेली,
चहाच्या कपाचं कडं उठलेली,
अशी पावती आली की ते ती एका वेगळ्या फोल्डरमध्ये टाकतं.
त्याचं नाव मी ठेवलं: मला विचार.
दिवसाला तीन, कधी चार.
त्या मी सावकाश उघडते.

काल एक होती, ड्रायव्हर गाओसेबची.
टनांच्या रकान्यात आकडा नाही,
एका पायावर उभा फ्लेमिंगो, निळ्या पेनाने काढलेला,
मान रकान्याबाहेर गेलेली.
काट्यापुढे लांब रांग असणार तेव्हा.
अकरा वर्षं मी उघडलं, वाचलं, मिटलं.
किती पक्षी मिटले असतील.

मी काट्यावर फोन लावला.
"गाओसेब, वजन किती होतं?"
"कुणाचं?" तो म्हणाला.