फळी नंबर सतरा

आरम नदीवरचा आमचा बंधारा
सटाण्याच्या गाडीतून दिसतही नाही.
सहा गाळे, बेचाळीस फळ्या,
प्रत्येकीच्या कपाळाला डांबराने नंबर,
आणि डाव्या काठाने निघालेला पाट,
शेळी उडी मारून जाईल एवढाच रुंद.

मृगाआधी फळ्या काढायच्या, नदीला वाट द्यायची.
नवरात्रात बसवायच्या, पाटाला पाणी चढवायचं.
बाबाचं काम एवढंच.
हजेरीपटावर नाव दगा उखा बागूल.
नवा साहेब आला की नाव वाचून हसायचा.
बाबाही हसायचा त्याच्यासोबत.

त्या वर्षी फळ्या बसवून झाल्या होत्या,
कोजागरीही उलटली,
आणि गेलेला पाऊस विसरलेली छत्री न्यायला यावा
तसा परत आला.
रात्री केळझरहून निरोप: सांडवा सुटला.
बाबा दारातच म्हणाला, "पानी उनं."
सब्बल त्याने घेतली, बॅटरी माझ्याकडे दिली.

एकेचाळीस निघाल्या.
सतरा नंबर तळाशी फुगून बसलेली,
तिच्यावर बाभळीचं झाड येऊन आडवं पडलं,
झाडावर कडबा, कडब्यावर कुणाची तरी खाट,
आणि नदीने मान वळवली
ठेलाऱ्यांच्या पालांकडे.

कमरेला दोर, दोराचे दोन वेढे दगडी खांबाला,
टोक माझ्या हातात.
मी दहा वर्षांची.
बॅटरी दातात धरलेली, म्हणून ओरडता आलं नाही.
पाण्यात सब्बलीचा आवाज येत नाही,
फक्त दोर थरथरायचा.
मी थरथरी मोजत होते.
तेविसाव्याला फळी फुटली.

सकाळी पालं जागेवर होती,
मेंढ्या चिखलात उभ्या, चहा उकळत होता.
पंधरा दिवसांनी कागद आला:
शासकीय मालमत्तेची मोडतोड,
वसुली तीनशे चाळीस रुपये,
चार हप्त्यांत.
बाबाने अंगठा लावायच्या आधी विचारलं,
"साहेब, फळीचेच ना? दोराचे नाही ना लावले?
दोर घरचा होता."

नवी फळी त्यानेच तासली,
त्याच बाभळीच्या खोडाची.
चार बोटं आखूड भरली.
मग चिंध्या, शेण, चिकणमाती,
तरी गळायची ती गळायचीच.

आता पाणीवापर संस्थेचं रजिस्टर मी लिहिते.
पाळी, तास, हेक्टर, थकबाकी.
शेवटच्या चारीवरचे खैरनार दर हंगामात
माझ्या टेबलावर हात आपटतात,
वरचे पाणी चोरतात म्हणून.
चोरतात. तेही लिहिते.

सतराच्या खाली मात्र
एका ठेलारणीने वांगी लावलीत, आठ-दहा रोपं,
थोडा लसूण, कडेला अळू.
सातबारा नाही, अर्ज नाही, पाळी नाही.
लोखंडी दरवाजे मंजूर झालेत, तेव्हा इंजिनियर
गळती किती म्हणून विचारायला आला.
मी रजिस्टर उघडलं,
पानं उलटत राहिले बराच वेळ.
गळतीला रकानाच नाही त्यात.

जाताना तिने ओट्यात चार वांगी टाकली.
काटेरी देठाची.