कमजोरीचा रकाना

उद्यमनगरात, फौंड्रीच्या माळ्यावर
रविवारी आमचा फाशांचा खेळ असतो.
या खेपेला राक्षस मी घडवायचा होता.

पहिला बेत फसला. शिंगं, सुळे, रेड्याचं तोंड.
झाकीर म्हणाला, "भावा, हे बेंदराला रंगवलेलं जनावर दिसतंय."

मग शिंगं खोडली. सुळेही.
प्राण: दोनशे दहा. चिलखत: नाही.
तलवार आरपार जाते, ओली होऊन परत येते.
चाल: एका डावात एक पायरी.
वास: डिझेल, भिजलेली ज्वारी.
हल्ला करत नाही. फक्त वर येतो.

कमजोरीच्या रकान्यापाशी पेन्सिल अडली.

रविवारी मी म्हणालो, "तिसरी पायरी."
पोरं ओरडत जाळ, बाण, मंत्र काढत होती.
सुतारवाड्यातल्या हर्षदानं फासा मुठीतच धरला.
"माझी बाई लढणार न्हाई," म्हणाली,
"शिवणयंत्र उचलून ती वर जाणार.
किती डाव बसायचं, तेवढं सांग."

मी वही उलटसुलट केली. कुठंच लिहिलं नव्हतं.

"नऊ," झाकीर बोलला,
फाशाकडं न बघता.

मी लिहिलं: नवव्या डावाला उतरतो.
पुढं काही सुचेना.
खाली कुणीतरी शटर ओढलं,
हर्षदानं मूठ उघडली नाही.