इलेक्शन खाते

लक्ष्मी साउंड, बसस्टँडमागे, नेरपाट.
बाप गेल्यावर अ‍ॅम्प्लिफायरच्या खोक्यात सापडली
लाल कापडी बांधणीची चोपडी,
कोपरे वाळवीने चाखून सोडलेले.
नेरपाट मतदारसंघाचा एवढाच इतिहास माझ्याकडे आहे,
तोही उधारीचा.

पहिल्या पानावर बैलगाडी. भाडे दीड रुपया.
भोंगा एक, बॅटरी जिनिंगमधून भरून आणली.
कोण उभं होतं, काय बोललं, नोंद नाही.
फक्त एवढं: भोंगा वाजताच बैल बुजले,
उमेदवार तुरीत पडले,
हसले.

मग बासष्ट, सदुसष्ट, बहात्तर.
बैलगाडीची जीप होते, दिडाचे चाळीस,
आणि बापूसाहेबांच्या नावापुढे
बाकी, बाकी, बाकी.
चारदा निवडून आले. चारदा बाप गुलाल झटकत
त्यांच्या ओसरीवर उभा राहिला.
‘सुपडू, तू ते आपला घरना माणूस.’
घरच्या माणसाला कोण पैसे देतं?

पडायचे ते उखर्डू तोताराम महाजन.
चिन्ह कधी शिट्टी, कधी कपबशी,
एकदा शिलाई मशीन; तेव्हा गावातले दोन्ही शिंपी रुसले,
आमाले इचारं नही म्हणून.
निकालाच्या दुसऱ्या दिवशी, दाढी न करता,
सायकलला केळीचा घड बांधून यायचे,
नोटा थुंकी लावून मोजायचे.
‘पडनू मी. तुना भोंगा थोडाच पडना?’
त्यांच्या प्रत्येक ओळीखाली बापाने दोन रेघा ओढल्यात.
चुकते. चुकते.

अठ्ठ्याहत्तर सालची ओळ मात्र
शाई बदलून, नंतर कधीतरी लिहिलेली:
अनेरपलीकडे गेलो नाही. डिझेल कमी होतं.
चारी पाड्यांचे पैसे घेतले.

त्या वेळी उखर्डूतात्या एकसष्ट मतांनी पडले.

हे बाप कधी बोलला नाही.
पण तात्यांचा घड आला की
तो केळं खायचा नाही, एवढं मला आठवतं.
आम्हाला वाटायचं, पित्त.

पुढची पानं भराभर उलटतात.
कॅसेट येते, बापाचा आवाज बसतो,
बापूसाहेबांचा मुलगा येतो, त्याच्याही पुढे बाकी.
मग नकाशावर कुणीतरी रेघ फिरवली,
अर्धी गावं इकडे, अर्धी तिकडे.
तिकडची जागा राखीव झाली;
उमेदवार नवा आला, पण फॉर्म भरायला निघाला
तो बापूसाहेबांच्याच ओसरीवरून.
नेरपाट आता फक्त एसटीच्या पाटीवर आहे.
मतदारसंघच उरला नाही,
थकबाकी मागायची कुठल्या तहसीलला?

गेल्या माघात मी चोपडी पिशवीत घालून
अनेर ओलांडली. कशासाठी, ते नीट सांगता येणार नाही.
पाड्यावर भायला बारक्या पावरा भेटले,
मोहाच्या झाडाखाली खाटेवर,
एक डोळा पांढरा.
मी बापाची ओळ वाचून दाखवली.
ते बराच वेळ तंबाखू मळत राहिले.

‘आवाज येत व्हता,’ म्हणाले,
‘रातले पानीवरथून येसच.
शिट्टी, शिट्टी, शिट्टी. पोरे नाचेत.
आमी ठरायेल व्हतं, शिट्टीलेच देवानं.’

मग?

‘पेटी तुमना काठले. सात कोस.
हरभरा काढाना दिन. मजुरी कोन बुडाई?’

आता पाड्यावर बूथ आहे,
शाळेच्या भिंतीवर क्रमांक, हिरव्या रंगात.
भायलाबांनी बोट पुढे केलं, शाईची रेघ
नखाच्या मुळाशी पोचलेली.
‘तो शिट्टीवाला मानूस,’ त्यांनी विचारलं,
‘आते शे का?’

नाही.

येताना नदीत गुडघाभर पाणी होतं.
मधोमध थांबून मी उगाच हाक मारली,
नाव कुणाचंच नाही, नुसती
‘हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग’,
बाप मारायचा तशी.
पलीकडून एक कुत्रं भुंकलं.
चोपडी डोक्यावर धरून मी काठाला लागलो.