मोडीत

चित्राला बोट लावू नका, म्हणतात गायधनी,
आणि स्वतःच लावतात.

हातभर कागद, काळी शाई.
तोड्याच्या बंदुकीची एक पितळी पट्टी,
असते त्याहून तिप्पट मोठी.
घोड्याच्या खालची, चापाच्या वरची,
जिथे लाकूड आणि लोखंड
एकमेकांना धरून असतात.

बंदूक कुठेच नाही.
पट्टी आली तांबट आळीत, मोडीत,
फुटका बंब, दोन समया
आणि बिनकानाच्या तपेल्याबरोबर.
हिरामण वडनगरेंनी तोलली, बाजूला टाकली.
‘नऊ दिवस द्या,’ म्हणाले गायधनी.
दहाव्या दिवशी भट्टी.

एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
तिकिटांच्या ठशांवर रेघा कोरल्या या माणसाने.
केसाहून बारीक.
त्यांच्याखाली नाव घालायची मुभा नव्हती.
इथेही घातलेलं नाही, सवय म्हणून.

मगरीच्या तोंडातून वेल निघते,
वेलीवर पोपट,
पोपटाच्या चोचीत वेलीचंच टोक.
मगरीचं एकेक खवलं दोन फटकाऱ्यांचं.
सावली फासलेली नाही, विणलेली आहे,
घशापाशी इतकी दाट
की आत काहीतरी गिळलेलं असावं.
एक स्क्रू गेलेला. त्याचं भोकही
काय निगुतीने काढलंय!

फक्त पोपटाच्या पंखावर कागद कोरा.
मला वाटलं, इथे कंटाळले.

त्यांनी भिंग पुढे केलं.
‘तिथे अंगठा यायचा.’

कुणाचा तरी, नेम धरताना,
किंवा नुसताच पहाऱ्यावर,
झोप लागू नये म्हणून
रात्र रात्र त्या पंखावरून फिरलेला.
एकाने कोरलं, एकाने झिजवलं,
आणि तिसऱ्याने ते झिजणं काढलं,
तिथे टाक न टेकवता.

मी विचारलं, हिने किती माणसं...
त्यांनी टाक पुसला. बराच वेळ पुसला.
मग कोपऱ्यातले ठिपके दाखवले,
रंजकाने जळलेल्या जागेचे.
‘हे मी मोजले नाहीत.’

परतताना आळीत ठोके चालू होते.
वडनगरेंच्या दारात नवा गडवा,
उचलला, भाव विचारला, खाली ठेवला.
पितळेवर माझा अंगठा उमटलेला.
बोलता बोलता
त्यांनी तो फडक्याने पुसून टाकला.