चार्ज देताना

बेड सात. कवडू नैताम, वय एकाहत्तर.
मोह वेचायला गेले नि बांधावरून पडले.
कंबर शाबूत आहे. लघवी अडली होती, म्हणून नळी.
आज तिसरा दिवस.
पिशवीवर पट्टी लावून तारीख मीच लिहिली,
पेन उमटेना, म्हणून दोनदा गिरवलेली.

पिशवी कमरेच्या खाली, फरशीच्या वर.
एवढं वीतभर अंतर सांभाळायचं, रेवती,
पण रात्रीतून चारदा ढळतं.
सून झाडायला घेते नि पिशवी उचलून
त्यांच्या पोटावर ठेवते. काल तर
तिच्यावर दुपटं पांघरलं होतं,
सासऱ्याची लाज झाकावी तसं.
मी रागावले नाही. म्हटलं,
वरच्या बांधीतलं पाणी खालच्या बांधीत जाते नं?
खालचं वर चढलं तं?
"रोवणा सडते जी," ती म्हणाली.
तेव्हापासून तीच वाकून बघते.

नळाला पाणी पहाटेच आलं तर येतं.
मोरीतली झाकलेली बादली हातांची आहे,
तिच्यात कुणाला डबा धुऊ देऊ नको.
हात धुतल्याशिवाय नळीला हात नाही,
डॉक्टरसाहेबांचाही नाही.
परवा तसं म्हटलं तेव्हा
वॉर्डात फक्त पंखा बोलत होता.
मग त्यांनी बाह्या वर केल्या.

सांधा उघडायचा नाही.
पिशवी रिकामी करताना तोटी भांड्याला टेकवायची नाही.
सातचं भांडं सातचंच.
नेलपॉलिशनं आकडा घातलाय, पोरीची बाटली आणून.

मागच्या चैतात याच खाटेवर तानाबाई मडावी होती.
पाठीचं दुखणं उतरलं होतं,
नातवाला बैलगाडी घेऊन बोलावलंसुद्धा होतं.
नळी अकरा दिवस राहिली,
कारण कुणी विचारलंच नाही.
मीही नाही.
ताप तिथूनच चढला.
गाडी आली, ती रिकामी उभी राहिली
औषधांच्या खिडकीसमोर,
बैल चिंचेची सावली शोधत.
तेव्हा मी तारखा लिहीत नव्हते.

राउंड नऊला. विचार, काढायची का?
"बघू" म्हणाले तर विचार, कशासाठी ठेवायची?
नैताम रात्रभर मला विचारत होते,
"बाई, हे शेपूट कवा काढता?"
त्यांचं भांडं खाटेखाली पुसून ठेवलंय.

एवढंच.
आधी बांगड्या काढून ठेव.