आवडीचा रकाना

सोरियाच्या चौकात माझं दुकान. समुद्र इथून
कुठल्याही दिशेला तीन-चार तास लांब,
म्हणून तर तो विकता येतो.

जून लागला की लोक येतात, टेबलावर कोपरं टेकतात.
मी विचारते, आवड कशाची?

वाऱ्याशी झोंबायचं तर तारिफा,
तिथे जेवताना दातांखाली वाळू कचकचते
आणि पतंग माणसालाच उडवतो.
ज्यांचं अजून पाऊल थिरकतं त्यांना बेनिडॉर्म,
रात्रभर बँड, आणि लिफ्ट हमखास चालू.
माणसांचा वीट आलेल्यांना काबो दे गाता:
काळे खडक, झाड म्हणून नाही,
ऊन मात्र पोटभर.

काल कासिल्दा आली. बेकरीतली.
एकतीस वर्षं पहाटे तीनला उठलेली.
आवडीचा रकाना कोरा.
पोहणं? छे. मासे? वास सोसत नाही.
नाच? तिने नुसतं गुडघ्यांकडे पाहिलं.

मग पिशवीचे बंद पिळत म्हणाली,
"असा किनारा आहे का गं,
जिथे समुद्रही काम टाकून घरी जातो?"

मी गालिसियाचं भरती-ओहोटीचं पत्रक उलगडलं.
पाणी पार दिसेनासं होतं, म्हटलं,
होड्या चिखलात कुशीवर निजतात.
"परत कधी येतं?"
येतं. पण रोज पाऊण-एक तास उशिरा.

"रोज उशिरा?
आणि पगार कुणी कापत नाही?"

रकान्यात मी लिहिलं: उशीर.
तिने ते वाचलं, दोनदा वाचलं,
आणि दारातून वळून म्हणाली,
खोलीला पडदा जाड बघ हं.