जळक्या काड्या

शेगडीजवळ एक पेला आहे, काठाला टवका उडालेला.
त्यात सासूबाई जळक्या काड्या ठेवतात.
एक बर्नर पेटला की त्यावर जुनी काडी धरायची,
तिने दुसरा पेटवायचा.
नवी काडी वाचते.

मी एकदा हिशेब मांडला : वर्षाकाठी पाच पेट्या.
येरेवानमध्ये तेवढ्यात धड एक कॉफी येत नाही.
त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं
आणि माझ्या बोटांतली काडी काढून पेल्यात टाकली.

सातव्या मजल्यावर चालत चढतात.
लिफ्ट नवी आहे, आरसा आहे तिला.
पण शेजारचा गारेगिन जुन्या लिफ्टमध्ये अडकला होता
तो दुसऱ्या दिवशीच्या विजेला बाहेर आला,
टोपीत बटाटे तसेच.

वीज तेव्हा तासभर यायची, वेळ न सांगता,
बहुधा रात्री तीनला.
सगळी इमारत उठायची :
कुणी कणीक मळतंय, कुणी इस्त्री फिरवतंय,
माझा नवरा, नऊ वर्षांचा, भागाकार करतोय.
अजून तीनला त्यांना जाग येते.
स्वयंपाकघरात जाऊन बटण दाबतात. दिवा लागतो.
लगेच बंद करून झोपतात.

दिवाणखान्याची लाकडी जमीन
दोन हिवाळ्यांत पत्र्याच्या शेगडीत गेली,
मागोमाग लाल बांधणीचे ग्रंथ,
आधी न वाचलेले, मग वाचलेले.
कपाट हलेना म्हणून त्याखालची एकच पट्टी उरली.
आता घरभर गुळगुळीत लॅमिनेट,
आणि ती पट्टी बाल्कनीत, वर्तमानपत्रात गुंडाळून.
कशाला, मी विचारलं.
"कोरडी आहे अजून."

परवा नारेच्या वाढदिवसाला ट्रान्सफॉर्मर उडाला.
आम्ही फोनचे उजेड शोधत एकमेकांच्या पायावर पाय देत होतो.
त्या अंधारातून सरळ चालत गेल्या,
खण, मेणबत्ती, बशी,
कुठेही हात चाचपडला नाही.
बहात्तराव्या वर्षी त्या क्षणी
घरात सगळ्यांत तरुण त्याच होत्या,
आणि, खोटं का बोलू, थोड्या खूशही.

दहा मिनिटांनी वीज आली. पोरांनी टाळ्या पिटल्या.
केक कापला, फोटो काढले.
मी मेणबत्ती विझवायला वाकले
तर त्यांनी माझं मनगट धरलं.
"थांब. गेली तेव्हा सांगून गेली नव्हती."

पाहुणे गेले. मी बशा धुतल्या.
झगझगीत दिव्यांखाली ती ज्योत
दिसतही नव्हती नीट.